धोंडीरामआप्पाचं नाव

तीनशे एक रुपयांत धोंडीरामआप्पाला काय मिळणार होतं, ते आधी पाहू. तमाशाच्या थेटरात गाण्यावर नोट दिली की बाई देणाऱ्याचं गाव-नाव पुकारते. शंभर माणसं ऐकतात आणि ढोलकी पुन्हा सुरू झाली की विसरतात. रेकॉर्डचं तसं नाही. ती जितक्या वेळा वाजेल तितक्या वेळा नाव. होटगीच्या लग्नात, मंद्रूपच्या बाजारात, आप्पा जन्मात जाणार नाही अशा गावांतसुद्धा. पुन्हा खिशात हात घालायला नको. सौदा स्वस्तच होता.

ही अक्कल सिद्धनाथची. सोलापुरात नव्या पेठेत त्याची 'सोनतार रेकॉर्ड कंपनी' होती. म्हणजे रेडिओदुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली आणि पाटीवर स्वतःच्या नावापुढं 'मॅनेजिंग डायरेक्टर'. हाताखाली माणूस नव्हता. पहिल्या तीन रेकॉर्डी भक्तिगीतांच्या. त्या देवानंसुद्धा घेतल्या नाहीत. चौथीही पडली तर पाटी उतरवून सासऱ्याच्या चादरींच्या दुकानात बसायचं, असं बायकोनं वदवून घेतलं होतं.

चौथीसाठी त्यानं थेटरात गाणारी विजयमाला गाठली. बाई चाळिशीला आलेली. नाचावर आता कुणी नोट काढत नव्हतं, गळ्यावर अजून काढत होते. गळा बसायच्या आत तो कुठंतरी उमटून राहावा, एवढीच तिची हाव. पण मुंबईला जाऊन गाणं भरायचं, पाचशे रेकॉर्डी काढायच्या, तर पैसा हवा. तेव्हा सिद्धनाथनं कडव्यांमधल्या दोन जागा थेटरातल्यासारख्या नावं पुकारायला विकायला काढल्या. हो म्हणाले पाचजण, पैसे दिले मंद्रूपच्या एकट्या आप्पानं. म्हणून त्याचंच नाव दोनदा आलं. जागा रिकामी सोडणं सिद्धनाथच्या जिवावर आलं. कमी पडलेला पैसा त्यानं कर्जानं उभा केला.

रेकॉर्ड उचलली जायची ती लाउडस्पीकरवाल्यांच्या हातून, म्हणून मंद्रूपच्या राजेसाबला एक फुकट दिली. त्यानं ती दोन महिने लग्नांत वाजवली. बाया पाणी भरताना गुणगुणू लागल्या, दुकानांत चौकशी येऊ लागली, माल मात्र अजून सिद्धनाथच्या खोलीतच होता. आप्पाही रस्त्यानं जरा सावकाश चालू लागला.

मग आप्पाच्या लेकीचा साखरपुडा आला. नवरदेवाचा बाप माळकरी, कांदासुद्धा न खाणारा. आप्पा खूष होईल म्हणून राजेसाबनं नेमकी तीच रेकॉर्ड लावली. पहिलं कडवं संपलं आणि कर्ण्यातून विजयमालाचा आवाज आला, "मंद्रूपच्या धोंडीरामआप्पांनी दौलत दिली, बाई आभारी आहे!"

व्याह्यानं कपबशी खाली ठेवली. "हे तुमीच का?"

"त्या नावाचे गावात लई हायत की," आप्पा म्हणाला.

तेवढ्यात दुसरं कडवं संपलं.

व्याही मुहूर्त मागाहून कळवतो म्हणून उठला, आणि दुसऱ्या दिवशी आप्पा सोलापुरात जिना चढून आला. सगळा माल द्यायचा, छापील किमतीला, आणि ही रेकॉर्ड परत काढायची नाही असा शब्द. पोरीचं लग्न मोडायला आलंय, एवढं तो दोनदा म्हणाला. सिद्धनाथला आकडा दिसत होता. कर्ज फिटत होतं, चादरी चुकत होत्या. तरी त्यानं एक दिवस मागून घेतला.

संध्याकाळी तो थेटरात गेला. विजयमाला चाळ सोडवत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं, नजर चाळांवर ठेवून. ती हसली.

"मालक, मी गावं म्हणून पैसे देणारे लई बघितले. गाणं बंद करायला देणारा हा पयलाच."

"नको म्हणालात तर नाही विकणार."

"लेकीचं लगीन हाय. विका. पर दुप्पट किमतीला. आन् त्या पैशात मी परत गाते. शब्द त्यानं ह्या रेकॉर्डीचा मागितलाय, गाण्याचा न्हाय. ह्या बारीला कुणाचं नाव नको. माझी बिदागी रेकॉर्ड खपली की द्या."

आप्पानं कुरकुरत दुप्पट मोजले. मळ्यात नेऊन रेकॉर्डी मोडायला घेतल्या, तर त्या मोडेनात, नुसत्या वाकायच्या. शेवटी कोरड्या विहिरीत टाकून पेटवल्या. राजेसाबचीही त्यात गेली. मग आप्पानं व्याह्याला निरोप धाडला, की असली रेकॉर्ड सबंध जिल्ह्यात कुणी दाखवावी. कुणाला दाखवता आली नाही. मुहूर्त निघाला.

लग्नात राजेसाबनं नवी रेकॉर्ड लावली. गाणं तेच, फक्त कडव्यांमधल्या त्या दोन जागी नुसती ढोलकी होती. व्याही मांडीवर ठेका धरून बसला होता. आप्पानं मात्र दोन्ही जागी मान वर केली, आणि दोन्ही वेळा उपरणं सारखं करून खाली घातली.

आता हिशेब. आप्पानं नाव घालायला पैसे दिले, काढायला त्याहून जास्त दिले, आणि त्याच्याच पैशानं निघालेल्या गाण्यात त्याचं नाव नाही. जावई मात्र मिळाला. राजेसाबला दुसरीही फुकट. सिद्धनाथची पाटी जागेवर आहे. रेकॉर्ड खपली, ते पैसे त्यानं पाचवीत घातले. पाचवीही विजयमालाचीच, तिची बिदागी त्यानं रोख दिली. मधल्या, बिननावाच्या रेकॉर्डीची बिदागी राहिली. त्यानं विषय काढला नाही, तिनं मागितली नाही. तेवढा तोटा तिनंच भरला.