कमरेची शिवण

“अहो, ती शिवण का उसवताय?”

आमचे हे शिंपी. दुकानात लोकांच्या कपड्यांचा ढीग पडलेला, आणि हे मशीनपाशी बसून स्वतःच्याच पँटची कंबर ब्लेडनं उसवत होते. मला पाहिलं तशी पँट घाईघाईनं मांडीखाली सारली.

“काही नाही गं. जरा काचतेय.”

काचतेय! त्या कमरेवर ताईंचा जीव टांगलेला होता.

ताई म्हणजे यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून यांना त्यांनीच वाढवलं. आता त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर दिवसाआड दवाखान्यात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, आणि पाणीसुद्धा घोटाघोटानं, मापात प्यायचं. यांची किडनी जुळली, पण हे पडले अगडबंब. सर्जननं तोंडावर सांगितलं, “एवढ्या वजनावर मी सुरी लावणार नाही. कमी करा, मग या.”

आणि यांनी केलं हो! ज्या माणसाचा दिवस लोणी थापलेल्या पावाशिवाय उजाडत नव्हता, तो उकडलेल्या भाज्यांवर राहिला. हूं नाही की चूं नाही. पँटी ढगळ झाल्या तशा यांनी एकेक करून आत घेतल्या. जास्तीचं कापड मात्र कापलं नाही, आतच दुमडून ठेवलं. मी म्हटलं, “कापून टाका की!” तर म्हणाले, “शिंपी असं कापत नसतो. गिऱ्हाईक परत सुटतंच.” आम्ही दोघंही खदाखदा हसलो.

ऑपरेशनची तारीख ठरली, आणि ऐन वेळी ताईंना न्यूमोनिया झाला. सर्जन म्हणाले, “त्या सावरल्या की करू. तोवर तुम्ही फक्त वजन राखा.”

फक्त म्हणे! कमी होत होतं तेव्हा काटा खाली सरकायचा, हुरूप यायचा, गिऱ्हाइकं कौतुक करायची. आता तेच अळणी खायचं आणि काटा जागच्या जागी. कुणी विचारेना. किती दिवस असं राहायचं, तेही कुणी सांगेना. भूक मात्र वाढतच गेली. ताटावरून उठले तरी यांची नजर स्वयंपाकघरात. झोपेतसुद्धा तोंड हलायचं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंना मी विचारलं, तर म्हणाल्या, “शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. गेलेलं ते परत मागतं, फार दिवस मागत राहतं. धीर धरा.” धीर काय वाण्याकडे मिळतो?

त्यात ताई. दवाखान्यातून यांनी त्यांना त्यांच्या घरी सोडलं की त्या भिंत धरत धरत चुलीपाशी जायच्या आणि यांच्यापुढे ताट ठेवायच्या. मला पत्ताच नव्हता. एक दिवस मी अचानक तिथं गेले, तर यांची बोटं लोण्यानं माखलेली.

“अहो ताई, काय करताय हे! तुमच्याच जिवासाठी चाललंय ना सगळं?”

“कळतंय गं मला. पण तोंड बघ की त्याचं! गाल कसे बसलेत. मला पाणी तोडलंय, म्हणून त्यानं उपाशी राहायचं? एका घासानं काय होतंय?”

माझा संताप संताप झाला. मी नाही नाही ते बोलले. यांनी मान वर केली नाही, पण चावायचंही थांबवलं नाही.

शेवटी ताई सावरल्या आणि दवाखान्यातून बोलावणं आलं. हे ती उसवलेली पँट घालूनच निघाले. काट्यापाशी चपला काढल्या, खिशातल्या किल्ल्या काढल्या, गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. मग चढले. नर्सनं आकडा वाचला आणि सर्जनकडे पाहिलं.

“नाही जमणार,” सर्जन म्हणाले. “पुन्हा कमी करा, मग बघू.”

ताई चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी यांचा हात ओढून मांडीवर घेतला. “जाऊ दे रे लहान्या. किती दमलास! सकाळपासून काही खाल्लंस का?”

हे तिथंच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडले.

पुन्हा कमी करण्याइतका वेळ ताईंकडे नव्हता. थंडी सरायच्या आत त्या गेल्या.

तेव्हापासून यांची अन्नावरची वासनाच उडाली. मी पावाला जाडसर लोणी लावून पुढ्यात ठेवते, हे दोन घास चिवडतात आणि उठतात. सर्जनला हवं होतं त्याच्याही खाली वजन गेलंय. त्यासाठी काही करावं लागलं नाही. परवा दुकानात पाहिलं, पँट कमरेवर ठरत नव्हती.

“द्या इकडे,” मी म्हटलं. “मी आत घेते.”

“राहू दे गं.”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. यांनी टेप गळ्यात घातली, एका हातानं स्वतःची पँट मुठीत धरली आणि त्याचं माप घ्यायला उठले.