काट्याला भिणारी ट्यूब

मी ट्यूब बोलतेय, सायकलच्या पुढच्या चाकातली. लोकांना टायर दिसतो, आतली मी दिसत नाही. माझी आठवण होते ती पंक्चर झाल्यावरच. म्हणून मी आयुष्यभर एकालाच भीत आले, काट्याला.

सायकल सचिनची. जाड टायरची, गिअरची. आमच्या नाकाडोंगरी गावच्या जंगलवाटा त्याने तिच्यावर पालथ्या घातल्या. काटा रुतला की तो वाटेतच बसून मला बाहेर काढी आणि ठिगळ लावी. माझ्या अंगावरची सगळी ठिगळं त्याच्याच हातची.

दोन वर्षांपूर्वी सचिन तापाने गेला. त्याच्या वडिलांनी, यादोरावांनी, सायकल पोत्याने झाकून गोठ्यात ठेवली. माझी हवा हळूहळू उतरत गेली.

मग त्याची बहीण गुंजन जंगलापलीकडच्या गावात नर्स म्हणून लागली. तिकडे बस जात नाही. तिने पोतं काढलं. हवा भरताना यादोराव चाक धरून बसले.

मोहफुलांचे दिवस होते. फुलं खायला अस्वलं उतरतात. एका सकाळी अर्ध्या वाटेवर बोरीचा काटा टायरमधून माझ्यात शिरला आणि मी बसले. गुंजनला ठिगळ लावता येत नव्हतं. बाजूच्या मोहाखाली काहीतरी काळं हललं.

आमच्याकडे जंगलातून एकट्याने जाताना मोठ्याने बोलत जातात. अस्वल दचकलं तर अंगावर येतं, आधीच चाहूल लागली तर बाजूला होतं. पण एकट्या माणसाने बोलायचं काय? गुंजन सायकल ढकलू लागली. मग ती सचिनवरच रागावली.

"काहून गेला रे दादा? पंक्चर काढणं तं शिकवून जायचं होतं. बाबा म्हणते, मले भाजी जमत नाही. तू असता तं तुले विचारलं असतं, खरं सांग म्हणून."

मी रिमखाली चेंगरत होते. पाचोळा वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. ती बोलतच राहिली. गावाची विहीर दिसली तेव्हाच तिचं बोलणं थांबलं.

हे कळल्यावर यादोराव तिला नोकरी सोड म्हणाले.

"बाया बाळंत होऊन राहिल्या तिथं, बाबा. मी नाही गेली तं कोण जाईन?"

ते सायकल घेऊन थेट तालुक्याला, तुमसरला, घनश्यामच्या सायकलच्या दुकानात गेले, गुंजनही सोबत होती. घनश्यामने मला ओढून काढलं. रिमला टेप लावली, टायरमध्ये चिकासारखं पांढरं औषध ओतलं. काटा रुतला की हा चीक भोकाशी जाऊन घट्ट होतो, ट्यूब लागतच नाही, असं तो सांगत होता. मग मला बोटावर लटकवून त्याने विचारलं, सामान बांधायला पट्ट्या कापून देऊ का. कात्री शेजारीच होती.

"कापू नको," यादोराव म्हणाले. "ठिगळं पोराची आहेत."

घनश्यामने हसू आवरलं. माझं भोक बुजवलं, गुंजनलाही ठिगळ लावणं, ट्यूब बसवणं शिकवलं. उन्हाळ्यात चीक वाळतो, चाक हलवून ऐकत जा, असं बजावलं.

तेव्हापासून मी गोठ्यात खुंटीवर होते. दर रविवारी यादोराव चाक कानाशी धरून हलवत. आतून खळखळ आली की त्यांचे खांदे सैल पडत. मला खांदे असते तर माझेही पडले असते.

आज पुढच्या चाकातून आवाज आला नाही, चीक वाळला होता. औषध तुमसरलाच मिळतं, आणि गुंजनला तर आत्ताच निरोप आलाय, एक बाई अडली आहे. यादोराव दारात आडवे उभे राहिले. मग बाजूला झाले. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, घडी केली, पंपासोबत सीटखाली बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"बसवता येते नं तुले?"

"येते, बाबा."

आता वाट जंगलात वळली आहे. उपयोगी पडणं एवढंच मला येतं. आज मात्र मी मनापासून विनवते: गुंजन, तुला माझी गरज पडू नये. मला अशीच, न उलगडता, घरी परत ने.