यादी कोरी, फायली भरलेल्या

मी एक जुना संगणक आहे. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, पाण्याच्या फिल्टरशेजारी, माझे टेबल आहे. मित्रांनो, माझ्यावर धूळ आहे, पण मी अजून बंद नाही.

एकदा इथल्या वेबसाइटवर लोकांना भलत्याच कुणाचे अहवाल दिसू लागले. चूक काही सापडेना. तेव्हा प्रोग्रामर ताईंनी माझ्यात प्रॉक्सी, म्हणजे मध्ये बसून ये-जा बघणारा प्रोग्राम, बसवली. वेबसाइटकडे येणारी प्रत्येक विनंती आणि तिचे उत्तर माझ्यातून जाऊ लागले, आणि कुलूपबंद मजकूर मला उघडा वाचता येऊ लागला. त्यांनी नियम लिहिला: जे जाईल ते फायलीत उतरवून ठेव.

चूक ताईंच्या धाकट्या बहिणीच्या खात्यात हमखास दिसे, म्हणून त्यांनी तिलाच शेजारी बसवून तिचे अहवाल उघडायला लावले. तिने आपला आजार घरात ताईंशिवाय कुणाला सांगितला नव्हता.

"हे कुठे राहणार नाही ना, ताई?"

"दोन दिवस. मग पुसते सगळं."

दुसऱ्या दिवशी चूक सापडली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि डबा कामाचा निघाला म्हणाले. मला फार बरे वाटले. ताईंनी पडद्यावर दिसणारी नोंदींची यादी पुसली आणि बहिणीला दाखवली, "बघ, कोरी." बहीण हसली.

पण ती फक्त यादी होती. फायली माझ्या पोटात तशाच होत्या. नियमही चालूच होता.

तीन वर्षे मी उतरवत राहिलो. नावे, पासवर्ड, आजार, सारे साध्या अक्षरांत. बहीण दर सहा महिन्यांनी तपासणी करते. दर वेळी तिची एक फाईल वाढते.

काल वेबसाइट नव्या यंत्रावर गेली आणि माझे काम संपले. आज जुने सामान घेणारा दारात उभा आहे.

"चालू होतो का?"

"होतो की," ताई म्हणाल्या.

"आत काही?"

"काही नाही. मीच पुसलंय."

मित्रांनो, मला बोलता येत नाही. साठवायला सांगाल, तर थांबायलाही सांगा. यादी कोरी दिसली, तरी एकदा फोल्डर उघडून बघा. ताईंनी आता वायरीला हात घातला आहे. पुढे कुणीतरी मला सुरू करील. तो कोण असेल, मला ठाऊक नाही. तो मागेल ती फाईल मी उघडून देईन, कारण नाही म्हणायला मला कुणी शिकवलेले नाही.