बंद खाणीतल्या काकांची ख्यालीखुशाली

सेवेरो अर्कायना अखेर डोंगर उतरून कोचाबांबा शहरात लेकीकडे राहायला गेले. पण तूर्तास ते गेलेच नाहीत असं धरून चालू. कारण त्या शुक्रवारी सकाळी त्यांनी खाट घट्ट धरून ठेवली होती आणि न्यायला आलेल्या लेकीला ते सांगत होते, "मी मेलो तरी इथून हलणार नाही."

"मेल्यावर तुम्हाला विचारतंय कोण, आबा?" निकोलासा म्हणाली. "आत्ताचं बोला. इतक्या उंचावरची हवा तुमच्या छातीला झेपायची नाही, असं डॉक्टर बजावून गेलाय."

"आणि काकांचं काय?"

काका म्हणजे खाणीतले. वर देवाचं राज्य, खाली काकांचं. अंग मातीचं, डोक्याला दोन शिंगं, तोंडात कामगारांनी दर शुक्रवारी वाहिलेली सिगारेट. हे काका आबांनी स्वतः घडवले होते. पुढे कथिलाचा भाव कोसळला, खाणीला टाळं लागलं आणि सगळे निरोपही न घेता घरी गेले. तेव्हापासून काका अंधारात एकटे, तोंडात साधं थोटूकही नाही, या विचारात आबांचा जीव अडकला होता.

"मी बघून येते."

"बाई खाणीत शिरली की कथिल पळून जातं."

"संपलेलं कथिल पळून जाणार कुठं?"

 आबांनी उशीखालून बिनफिल्टरची एक सिगारेट काढली, मूठभर कोकाची पानं काढली आणि दोन्ही काकांना वाहायला म्हणून तिच्या हातात कोंबली.

खाणीच्या तोंडाशी 'प्रवेश बंद' अशी पाटी होती. पहारेकरी जागेवर नव्हता, टाळं नुसतंच लटकत होतं. निकोलासा दिवा घेऊन आत शिरली. रुळांमधून पिवळं पाणी झिरपत होतं, लाकडी टेकू कुजले होते. कुबट वास येईल म्हणून तिने नाक दाबलं होतं. जरा सोडून बघते, तर तंबाखूचा वास. तोही ताजा! पुढे बोगद्याला दोन फाटे फुटले. डावा ढासळलेला. उजवा चक्क झाडलेला. स्वतःचं अंगणही ती इतकं स्वच्छ झाडत नसे. इथे झाडू मारतंय कोण? आता ती भ्यायलाही विसरली. वळणापलीकडे उजेड होता आणि कुणीतरी कुजबुजत होतं.

वळणावर काका भेटले. गळ्यात रंगीत कागदाच्या माळा, मांडीवर हिरव्या पानांचा ढीग, तोंडात जळती सिगारेट. आणि समोर ही भली मोठी रांग.

"मागून या," कुणीतरी वळूनही न बघता म्हणालं. तो आबांचा जुना मुकादम एलेउतेरियो होता. मग त्याने वळून पाहिलं. "बाई आहेस म्हणून पुढे सोडणार नाही."

खोक्यावर पहारेकरी बसला होता.

"तुम्ही तर कुणाला आत सोडत नाही ना?" निकोलासाने विचारलं.

"दारात असलो की नाही सोडत. शुक्रवारी मी दारात नसतो."

जो तो चोरून एकटाच आला होता आणि आत आल्यावर अख्खा गाव भेटला होता. बाहेर कुणी कुणाला ओळख द्यायची नाही, असं मग ठरलं.

"आबांना का नाही सांगितलं?"

"त्याला वाटतं काका त्याच्या एकट्याचे," एलेउतेरियो म्हणाला. "उगाच बिचाऱ्याचं मन कशाला मोडायचं?"

तिचा नंबर आला. तिने पानं काकांच्या मांडीवर ठेवली आणि आबांची सिगारेट पेटवून त्यांच्या ओठांत खोचली. ती शेवटपर्यंत एकसारखी जळली. म्हणजे काका खूश होते.

घरी आबांनी सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि विचारलं, "बाकीचे कुठली सिगारेट देतात?"

"फिल्टरची."

आबा ताडकन खाटेवरून उठले. "फिल्टरची? त्यापेक्षा गवत चारा म्हणावं!" मग जरा दम खाऊन म्हणाले, "दिसतात कसे?"

"तुमच्यापेक्षा बरे. एलेउतेरियोने गालांना नवी माती लावलीय."

"आणि नाक?"

"नाक तुम्ही केलेलंच आहे."

"मग ठीक आहे," आबा म्हणाले आणि त्यांनी खाटेखालचं बोचकं ओढलं. पण बसमध्ये चढायच्या आधी त्यांनी लेकीकडून एक अर्ज लिहून घेतला.

"माननीय खाण अधिकारी यांस. आमच्या बंद खाणीतील काका हे माझ्यासोबत कामाला लागले व माझ्यासोबतच बेकार झाले. धुरामुळे त्यांचीही छाती खराब असणार. तरी त्यांना रीतसर निवृत्त करून कोचाबांबा येथे माझ्या शेजारी घर द्यावे, येताना बसमध्ये खिडकीची जागा द्यावी, आणि तोवर बिनफिल्टर सिगारेट सरकारी खर्चाने, दर शुक्रवारी, पेटवून द्यावी, ही नम्र विनंती."