दुसरी ग्रिप

या, असे पुढं सरका. मागं भिंतीला टेकून बसलात तर ऐकू येणार नाही आणि झोप मात्र लागेल. आज टाळ नाहीत, मृदंग नाही, हार घालायला बुवा नाहीत. साधी बोलाची कथा आहे, आमच्याच गावची. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. कीर्तनात भक्तावर संकट आलं की उत्तररंगात देव धावत येतो, आपण डोळे पुसतो आणि प्रसाद घेऊन घरी जातो. या कथेत कुणी धावत आलं नाही. तरी ऐका. माणूस चांगला होता, म्हणून ऐका.

मुरबाडहून म्हशाला जाताना रस्त्यालगत आमचं गाव लागतं. वरची वाडी कुणब्यांची, खालची बौद्धांची, आणि दोन्हींच्या मध्ये एक बंद पडलेली भातगिरणी. महेंद्र खालच्या वाडीतला. कल्याणकडच्या एका कारखान्यात वायरमन होता, आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा आणि सुट्टीला एसटीनं घरी यायचा. घरी आई, चिमाबाई. बाप लहानपणीच गेलेला. धाऊ वरच्या वाडीतला शेतकरी. सप्त्यात मृदंग त्याचाच. बोटं पडली की बुवांच्या अंगात वारं शिरायचं. या दोघांनी मिळून त्या गिरणीतला कचरा उपसला आणि तिथं हत्यारघर मांडलं.

हत्यारघर म्हणजे काय, तर गावातली सगळी हत्यारं एका जागी. कुणाच्या घरी पाना असतो, कुणाकडे पक्कड, आणि लागतं तेव्हा नेमकं दुसऱ्याकडचंच लागतं. म्हणून सगळ्यांनी आपापलं आणून भिंतीला टांगलं. प्रत्येक हत्यारामागं कोळशानं त्याची आकृती काढलेली, म्हणजे काय जागेवर नाही ते दारातूनच दिसायचं. रेडिओ उघडा, सायकल सोडवा, पंपाची मोटार दुरुस्त करा. येईल त्यानं शिकायचं, येत असेल त्यानं शिकवायचं. धाऊची सून जया तिथंच सोल्डर करायला शिकली. लोडशेडिंगचे दिवस होते. ती जुन्या बॅटऱ्यांवर चालणारे दिवे बनवायची, आणि दोन्ही वाड्यांतली पोरं त्या दिव्यांखाली अभ्यास करायची.

मालक कुणी नव्हता, म्हणून वार वाटून घेतले होते. ज्याचा वार त्यानं झाडायचं, माठ भरायचा, जाताना सगळं जागेवर लावायचं. पारू म्हणून एक होती, तिच्या वाराला जमीन शेणानं सारवलेली असायची. धाऊचा एक हट्ट होता, चपला बाहेर काढायच्या. दसऱ्याला हत्यारं पुजतो, मग इतर दिवशी त्यांच्यासमोर चपला घालून कसं वावरायचं, असं त्याचं म्हणणं.

"काका, करंटच्या कामाला पायात काहीतरी पायजे," महेंद्र म्हणायचा.

"मग उद्या देवळात पन बूट घालून ये."

महेंद्र हसायचा आणि चपला काढायचा. धाऊला दुखवणं त्याला जमत नसे.

त्याचा स्वतःचा असा एकच नियम होता. दारापाशी बोर्डावर फ्यूजची ग्रिप होती, चिनी मातीची पांढरी मूठ, आत तार. ती ओढून काढली की अख्ख्या हत्यारघराची लाइट बंद. जो वायरीला हात लावणार त्यानं आधी ग्रिप काढायची आणि स्वतःच्या खिशात ठेवायची. बोर्डावर नाही, फळीवर नाही, खिशात. "ग्रिप खिशात तर जीव खिशात," असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा.

आणि विसरायचाही तोच. काम संपलं की ग्रिप तशीच खिशात घालून घरी. एकदा तर कल्याणला गेला घेऊन. आधीच लाइट दिवसातून थोडा वेळ यायची, त्यात ही तऱ्हा. दुसऱ्या खेपेला चिमाबाई पदरात काहीतरी बांधून हत्यारघराच्या दारात आली.

"घ्या रे तुमची लाइट. माझ्या धुण्यात निघाली. धोपटणं घातलं असतं तर गाव काळोखात गेला असता."

सगळे हसले. पारू म्हणाली, "आय, लगीन लावा त्याचं. बायको खिसे तपासल."

"कोन देतोय याला पोरगी? सासऱ्याच्या घरचा पन फ्यूज घेऊन यायचा."

महेंद्र लाजून मान खाली घालून हसत होता.

धाऊला मात्र ते मनाला लागलं. पोरगा कारखान्यात राबतो, सुट्टीत गावासाठी राबतो, आणि वर लोकांनी त्याला हसावं. तो मुरबाडला गेला, तशीच दुसरी ग्रिप घेऊन आला, तार घातली आणि बोर्डाशेजारी खिळ्याला लाल दोऱ्यानं टांगली. नारळ फोडला. "आता कुनाची खोटी नाय व्हायची," म्हणाला.

महेंद्रनं पाहिलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला. "काका, ही नको. ग्रिप एकच पायजे."

"तू विसरतंस म्हनून तर आणली रे."

यावर तो काय बोलणार? खोड त्याचीच होती. दुसरी ग्रिप खिळ्यावर राहिली. तिचा उपयोगही झाला, खोटं कशाला बोलू. लोक धाऊला दुवा देत होते.

पौष आला. म्हशाची जत्रा भरली. महेंद्रनं रजा काढली होती. भंगारातून त्यानं एक कॉम्प्युटर जुळवत आणला होता, तो मागच्या खोलीत बसवायचा होता. पारूनं सकाळीच दोन्ही खोल्या सारवल्या, नवी वस्तू येणार म्हणून. दुपारी लोडशेडिंग होतं. महेंद्र आला, दाराशी चपला काढल्या, लाइट नसतानाही नियमाप्रमाणे ग्रिप ओढली, खिशात घातली आणि मागच्या खोलीत नवी लाइन ओढायला लागला.

जत्रेतल्या दुकानवाल्यांनी जयाकडे दिवे मागितले होते. गल्लीतला बल्ब पेटलेला बघून, लोडशेडिंग संपलं म्हणून ती धावत आली. हत्यारघरात लाइट नव्हती. बोर्डावर ग्रिपची जागा रिकामी. नेहमीसारखी महेंद्रनं घरी नेली असणार, असं तिला वाटलं; दाराशीच्या चपला घाईत पाहिल्याच नाहीत. तिनं खिळ्यावरची दुसरी काढली आणि बसवली.

मागच्या खोलीत ओल्या सारवणावर महेंद्र अनवाणी उभा होता, हातात उघड्या वायरी.

तिच्या ओरडण्यानं पहिला धावत आला तो धाऊ, जवळच्याच शेतातून, मग आम्ही. मुरबाडला दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. त्या धावपळीत धाऊनं बोर्डावरची ग्रिप उपटली आणि विहिरीत टाकली. पोलीस आले, पंचनामा झाला, काम करताना शॉक लागून मृत्यू असं लिहून गेले. जयाचं नाव कुठंच आलं नाही. धाऊनं तिला घरात बसवलं. "तू त्या दिवशी तिथं गेलीच नव्हतीस. दोन वाड्यांचा प्रश्न हाय. वरच्या वाडीच्या सुनेनं खालच्या वाडीचा पोरगा मारला, असं झालं तर पुढची आग कोन इझवनार?"

तो घाबरला होता, पण नुसता स्वतःच्या घरासाठी नाही. आम्हा सगळ्यांनाच ती भीती होती. जो तो ओळखून होता आणि कुणी विचारत नव्हतं.

दवाखान्यातून महेंद्रचे कपडे चिमाबाईकडे आले. तिनं सवयीनं खिसा तपासला. आत ग्रिप होती.

पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला, पाहुणे गेले, आणि चिमाबाई हत्यारघरात आली. आम्ही दहाबारा जण होतो. तिनं हात पुढं करून तळव्यावरची ग्रिप दाखवली.

"ही माझ्या लेकाच्या खिशात होती. मग लाइट कशी आली?"

शेवटी पारू रडत म्हणाली, "आय, मी सारवलं होतं गो. ओली होती जमीन."

"चपला मी काढाया लावत होतो," धाऊ म्हणाला. "दुसरी ग्रिप मीच आणली. मलाच धर."

"तूच लावलीस काय ती?"

धाऊची मान खाली गेली. होकारही देता येईना. तो त्या वेळी शेतावर होता, हे तिलाही ठाऊक होतं. मग कुणीतरी म्हणालं, आपण सगळ्यांनीच म्हणू या. हत्यारघर सगळ्यांचं, चूकही सगळ्यांचीच. आम्ही माना डोलावल्या. त्या घडीला ते बोलणं फार शहाणपणाचं वाटलं होतं.

चिमाबाई एकेकाचं तोंड बघत राहिली. "सगळ्यांनी? झाडायला एकाचा वार, माठ भराया एकाचा वार. आन माझा पोरगा मारलात तो सगळ्यांनी मिळून?"

कारखान्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून महेंद्रचा वार शुक्रवार होता. पुढच्या शुक्रवारी चिमाबाई झाडू घेऊन आली. झाडलं, माठ भरला, हत्यारं आकृतीवर आकृती जुळवून लावली, आणि बोर्डाखाली गोणपाट टाकून बसली. ग्रिप हातात.

"लाइट पायजे? घे."

तिच्या हातातून ती घ्यायची आणि तिच्या डोक्यावरच्या बोर्डात बसवायची, हे कुणाच्यानं होईना. जो यायचा तो काहीतरी निमित्त काढून परत फिरायचा. असे कितीतरी शुक्रवार गेले. आधी शुक्रवारी लोक येईनासे झाले, मग बाकीच्या वारांनाही. माठ कोरडा पडला. भिंतीवरची हत्यारं ज्यानं त्यानं आपापल्या घरी नेली आणि कोळशाच्या आकृत्या तेवढ्या उरल्या.

चैत्रात सप्ता बसला. बुवा रंगात आले होते. भक्ताचं ओझं देव आपल्या खांद्यावर घेतो, असा प्रसंग. मी धाऊच्या अगदी जवळ बसलो होतो. ताल उचलायच्या जागी त्याचा हात उचललाच गेला नाही. बुवांनी एकदा वळून पाहिलं, पुन्हा चरण धरला. धाऊनं मृदंग गळ्यातून काढला, शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि मंडपातून उठून गेला. कीर्तन चालूच राहिलं. एरवी मला कीर्तनात जग आठवत नाही. त्या दिवशी पुढचा एक शब्द ऐकू आला नाही.

त्यानंतरच्याच शुक्रवारी मी हत्यारघरात गेलो होतो. कीर्तनाची एक कॅसेट तुटली होती, ती चिकटवायची होती. त्याला लाइट लागत नाही, हत्यारही नाही. चिमाबाई आपल्या जागी बसली होती. तेवढ्यात दारात जया आली. पौषानंतर पहिल्यांदाच. चपला काढल्या, आत आली आणि चिमाबाईसमोर जमिनीवर बसली.

"आय, ती ग्रिप मी लावली."

मला वाटलं, आता म्हातारी हात उगारेल, नाहीतर ओरडेल. ती नुसती पुढं झुकली.

"मंग तू होतीस इथं."

"होते."

"तो काय बोलला?"

जयाला प्रश्न समजायला वेळ लागला. मलाही. इतके महिने आम्ही समजत होतो, चिमाबाईला लेकाचा मारेकरी पाहिजे आहे. तिला आपल्या लेकाच्या शेवटच्या क्षणी जवळ कोण होतं, तेवढं पाहिजे होतं.

"काय नाय बोलला, आय. आत कोनीतरी गुनगुनत होतं. मला वाटलं रेडिओ लागलाय." जयानं वर बोर्डाकडे पाहिलं. "मी ग्रिप लावली आन गुनगुननं थांबलं. तवा डोक्यात आलं, रेडिओ लाइट आल्यावर लागतो. बंद पडत नाय."

चिमाबाईनं हातातली ग्रिप मांडीवर ठेवली.

"कुठलं गानं?"

"शब्द नव्हते. चाल होती नुसती."

"म्हन."

"आय..."

"म्हन गो."

जयानं गुणगुणायला सुरुवात केली. चाल मध्येच तुटत होती. चिमाबाई डोळे मिटून ऐकत होती. जया थांबली तसे तिनं डोळे उघडले.

"हे मला नाय म्हाईत. घरी कधी बोलला नाय हे. पुन्यांदा म्हन."

जयानं पुन्हा म्हटलं. पुन्हा. मग ती चिमाबाईच्या पायांवर कोसळली. "मला कायतरी बोल आय. शिव्या दे, मार."

"काय बोलू?" चिमाबाई म्हणाली. "बोलाया माझ्याकडं काय ठेवलंस?" तिनं पाय मागं घेतले नाहीत, आणि जयाच्या पाठीवर हातही ठेवला नाही.

त्यानंतर चिमाबाई हत्यारघरात आली नाही. खालच्या वाडीत तिनं जयाचं नाव घेतलं नाही, आग लागली नाही. पण मिटलंही नाही काही. धाऊनं मृदंगाला पुन्हा हात लावला नाही. जया माहेरी निघून गेली ती क्वचितच परतायची. हत्यारघराचे पत्रे एका पावसाळ्यात उडाले, ते परत घालायला कुणाचाच वार नव्हता.

चिमाबाई मात्र ती चाल घेऊन फिरत राहिली. बाजारात, एसटीच्या थांब्यावर, लग्नात बँडवाल्यांपाशी जाऊन ती गुणगुणायची आणि विचारायची, हे कुठलं गानं? माझ्याकडेही आली, माझ्याकडे कॅसेटी खूप म्हणून. मी कान देऊन ऐकलं. पण महेंद्रच्या गळ्यातून जयाच्या गळ्यात, जयाच्या गळ्यातून हिच्या गळ्यात येता येता ती चाल इतकी झिजली होती की तिच्यात गाणं उरलं नव्हतं. मी म्हटलं, "आय, नाय वळखत." ती "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दारी गेली. एका उन्हाळ्यात तीही गेली, गाणं कळल्याशिवाय.

एवढीच कथा. प्रसाद वाटायला माझ्याकडे काही नाही. बुवा शेवटी पदर पसरून देवाकडे मागणं मागतात, मी तुमच्याकडे मागतो. चिमाबाईच्या महेंद्रला आठवा. त्याच्या मागं त्याचं नाव घेणारं आता घरात कुणी नाही. उठून जाण्याआधी मनातल्या मनात एकदा त्याचं नाव घ्या.