राखाडी पिल्लं

कोळत्तूरच्या त्या गच्चीवर माशांसाठी सिमेंटच्या अकरा टाक्या होत्या. कोपऱ्यातली टाकी इळंगोची. म्हाताऱ्या तणिकाचलमचा हा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. लाल डोळ्यांचे पांढरे गप्पी मासे त्यानं आठ वर्षं खपून तयार केले होते. मागच्या उन्हाळ्यात रोग आला आणि त्यांतला एकच नर उरला. म्हाताऱ्यानं त्याची साध्या राखाडी मादीशी जोडी लावली. थोड्याच दिवसांत नरही गेला. आता सगळी मदार त्या गाभण मादीवर होती.

आणि नेमकं तेव्हाच त्याला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं. परतला तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. इळंगोची अकरा वर्षांची मुलगी याळिनी जिन्यातच भेटली. आजोबाला ती ताता म्हणे.

"ताता, हळू! आंधळी कोशिंबीर खेळताय का?"

"मादी व्यायली का गं?"

"परवाच! चाळीस पिल्लं. मादी मात्र वाचली नाही. आणि ताता, एकही पांढरं नाही, सगळी राखाडी."

"असू दे. कुठं आहेत?"

"निवडून टाकली." ती ऐटीत म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, बिनरंगाचं पिल्लू फुकट टाकी अडवतं? त्या मोठ्या ऑस्कर माशाला घातली. मेला इतका हावरट, माझ्या बोटालाही झोंबला!"

मासे वाढवणाऱ्या कोळत्तूरात हाच रिवाज. नापास पिल्लू मोठ्या माशाच्या पोटात. तिला निवड शिकवली होती त्यानंच. सांगायचं राहिलं ते एवढंच, की पहिल्या पिढीत पांढरा रंग दबून बसतो. त्याच राखाडी भावंडांची आपसात जोडी लावली, की पुढच्या पिढीत चारांत एखादं पांढरं निघतं. दवाखान्यातून आल्यावर खडूनं चौकोन काढून हे समजावू, असं त्यानं ठरवलं होतं.

तो टाकीच्या काठावर बसला.

"बसलात का? चुकलं माझं?"

"नाही, कण्णू. नीट निवडलीस."

तीही शेजारी बसली. "पण त्यांचा बाप तर पांढरा होता. मग त्याचा रंग गेला कुठं?"

एरवी अशा प्रश्नावर त्यानं तिची पाठ थोपटली असती. आज उत्तर दिलं, तर बापाचे मासे आपणच संपवले हे तिला जन्मभर सललं असतं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला? माहीत नाही?" ती खळखळून हसली. "थांबा, उद्या शाळेत बाईंनाच विचारते."

विचारू नकोस, असं तिला तो आजवर कधी म्हणाला नव्हता. आताही त्याला ते जमलं नाही.