धुक्यातले सतरा खांब

मित्रांनो, माझे नाव तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचले नसेल. मी एक जुनी खांबउपटी आहे. कुंपणाचे जमिनीत रुतलेले खांब वर काढणे, एवढे एकच काम मला येते. आता माझ्या अंगावर गंज चढला आहे, दांडा थोडा वाकला आहे, आणि गेल्या आठवड्यापर्यंत पहूरला एका घराच्या मागच्या भिंतीला टेकून मी दिवसभर ऊन पाहत असायचे. ऊन भिंतीवरून सरकू लागले की जुने दिवस आठवायचे. त्यातले घडलेले किती आणि पडल्यापडल्या मला पडलेले स्वप्न किती, हे कधीकधी माझे मलाच कळत नाही. पण आज सांगते ती गोष्ट मात्र घडलेली आहे.

माझा जन्म चौऱ्याऐंशी सालचा. पहूरच्या बसस्टँडजवळ झुलाल मिस्त्रींचे वेल्डिंगचे दुकान होते. एके दिवशी मंदाबाई तिथे आली. तिचा नवरा भिकन कुंपणाची कामे करायचा. सागाचा खांब मिठीत घेऊन उपटताना त्याच्या कमरेत असे काही भरले, की दोन महिने तो खाटेवरून उठला नाही. उठला तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, यापुढे ओझे उचलायचे नाही. काम तर हातचे जायला नको होते.

मंदाबाई मिस्त्रींना म्हणाली, "दादा, गाडीचं चाक बदलाले जॅक असतो. तसं खांबासाठी काही करता येईल का? मले एकटीले दाबता आलं पाहिजे."

मिस्त्रींनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला घडवले. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे माझे पाय. बोअरच्या पाइपाचा लांब दांडा. विहिरीच्या रहाटावरची साखळी. साखळी खांबाला गुंडाळायची आणि दांड्यावर भार द्यायचा, की खांब चार बोटे वर येतो. मग साखळी खाली सरकवायची आणि पुन्हा दाबायचे.

दुकानासमोर बैल बांधायचा एक जुना खुंट होता. मंदाबाई माझ्या दांड्याला लोंबकळली. तिचे पाय जमिनीवरून सुटले. क्षणभर काहीच झाले नाही. मग मातीने एक लांब उसासा सोडला आणि खुंट वर आला. तो उसासा मी नंतर हजारो वेळा ऐकला, पण पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटले, जमीनच झोपेत कूस बदलते आहे.

मग आमचे दिवस सुरू झाले. भिकन मला सायकलला बांधून सायकल ढकलत चालायचा आणि मंदाबाई भाकरीचे गाठोडे घेऊन पुढे. बाई खांब उपटणार म्हणून सुरुवातीला लोक बांधावर जमून हसले. पहिला खांब निघाला की त्यांचे हसणे थांबायचे, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याच शेतावरून निरोप यायचा. जामनेरपर्यंत आम्ही फिरलो. बुद्धपौर्णिमेला भिकन मला अंगणात घ्यायचा, साखळीच्या कडीकडीला तेल द्यायचा आणि लहान मुलाचे नाक पुसावे तसा साखळी अडकवायचा माझा आकडा पुसायचा.

खांब निघाला की त्याच्या खाली एक खड्डा उरतो. त्यात डोकावायला मला फार आवडायचे. आत गार अंधार असायचा, ओल्या मातीचा वास असायचा, मुंग्यांची धांदल असायची. इतकी वर्षे वर ऊन तापत होते आणि खाली हे सगळे निवांत होते, याचे मला नवल वाटायचे.

ते साल अठ्ठ्याऐंशी असावे. पौषातली सकाळ होती. जामनेरजवळ यादव नावाच्या शेतकऱ्याला बांधापर्यंत केळी लावायची होती. त्याने निरोप दिला होता, "पूर्वेच्या बांधावरचं जुनं कुंपण काढून ठेवा. मी बाजारातून नऊपर्यंत येतो." आम्ही पोहोचलो तेव्हा धुके इतके दाट होते, की सायकलच्या पुढच्या चाकाजवळचा भिकन मागच्या चाकापासून दिसत नव्हता. नाल्याच्या वाटेने आम्ही शेतात शिरलो. झाडे नव्हती, घरे नव्हती, आभाळ नव्हते. एक खांब दिसला, मग त्याच्या पुढचा.

"हेच," मंदाबाई म्हणाली.

त्या सकाळचे काम मला अजून स्वप्नासारखे आठवते. पांढऱ्या कापसात आम्ही तिघेच होतो. भिकन तारेचे खिळे काढायचा, मंदाबाई दांडा दाबायची, माती उसासा सोडायची. एकेक खांब धुक्यातून येत होता आणि आडवा होऊन धुक्यातच जात होता. सतरा खांब झाले.

मग धुके विरळ झाले. भिकन एकदम थांबला.

"मंदे, सूर्य या बाजूले कसा?"

मंदाबाईने वळून पाहिले. सूर्य शेताच्या पलीकडच्या टोकाला होता. आम्ही पश्चिमेचा बांध मोकळा केला होता. ते कुंपण यादवचे नव्हते. ते शेजारच्या पितांबर आबांचे होते.

भिकन खालच्या आवाजात म्हणाला, "चाल, निंघून जाऊ. धुक्यात कोणी पाहिलं नाही."

मंदाबाईचा हात माझ्या दांड्यावरच होता. हे काम गेले तर पुढे कोणी बोलावणार नाही, हे तिला कळत होते. मग ती म्हणाली, "आपण पाहिलं ना." तिने पदर खोचला आणि मोकळ्या बांधावरून थेट आबांच्या झोपडीकडे गेली.

पितांबर आबा सत्तरीचे, एकटेच शेतावर राहणारे. चहाची कपबशी हातात घेऊन ते बाहेर आले होते.

"आबा, मी तुमचं कुंपण काढलं. चुकून काढलं. सतरा खांब. आजच्या आज उभे करून देते."

आबा रागावले नाहीत. ते नुसते मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. पलीकडे यादव बाजारातून येऊन थबकला होता. दोघे समोरासमोर उभे होते आणि मधे काहीच नव्हते. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

अकरा वर्षांपूर्वी यादवची गाभण म्हैस आबांच्या मक्यात शिरली होती. आबांनी रागाने तिला गावच्या कोंडवाड्यात घातले. यादव परगावी होता. तो येईपर्यंत दोन दिवस गेले आणि तिथेच म्हशीचा गाभ गेला. त्यानंतर यादवने आबांशी बोलणे सोडले आणि आबांनी हे कुंपण घातले. अडीच-अडीच हातांवर खांब आणि तारेचे पाच पदर.

खांब पुन्हा उभे करायचे ठरले. मित्रांनो, त्या दिवशी मला फार लाज वाटली. मला फक्त काढता येते, लावता येत नाही. मी बांधावर आडवी पडून बघत राहिले. भिकनला ओझे उचलायचे नव्हते. मंदाबाईला एका हाताने खांब धरून दुसऱ्याने पहार मारता येईना. शेवटी यादवने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि खांब धरला. आबा लांब उभे होते.

थोड्या वेळाने ते मंदाबाईला म्हणाले, "त्याले सांग, खांब माझ्याकडं कललाय."

यादव तिलाच म्हणाला, "आबांले सांगा, इकडून सरळ दिसतो."

पाच खांबांपर्यंत असेच चालले. सहाव्याला मंदाबाईने पहार खाली टेकवली. "मी माती भरू का निरोप सांगू?"

भिकनला हसू आवरेना. यादवही खाली मान घालून हसला. त्यानंतर आबा जवळ आले आणि त्यांनी खांबाला हात लावला. पुढे दोघांत एकेकच शब्द होत होता. "डावीकडं." "धर." "झालं." पण तो शब्द मधल्या माणसाशिवाय जात होता.

दुपारी सतरावा खांब उभा राहिला. भिकनने तार उचलली. तेव्हा आबा एका खांबाला टेकून म्हणाले, "या दोघांमधी तार नको. माणूस जाईल एवढी वाट राहू दे."

यादव म्हणाला, "म्हैस जाईल एवढी राहू द्या, आबा."

आबा खांबाचा टेका सोडून सरळ झाले. "मी दुसऱ्या दिवशी गेलतो कोंडवाड्यात. तिले पाणी पाजाले. कुलूप व्हतं. शिपाई सापडला नाही. बादली तिथंच ठेवून आलो."

"मले कोणी सांगितलं नाही."

"तू बोलत नव्हता. मी कोणाले सांगू?"

म्हशीपुरती वाट करायला नुकताच लावलेला एक खांब काढायचा होता. खरे तर तो हाताने हलवला असता तरी निघाला असता. पण यादव म्हणाला, "मंदाबाई, आणा तुमची उपटी." त्याने, आबांनी आणि मंदाबाईने माझ्या दांड्यावर हात ठेवले. खांब अलगद वर आला. माती सैल होती, उसासा निघालाच नाही. तरी मला कुणाचा तरी ऐकू आला.

त्यानंतर मंदाबाईचे काम कमी झाले नाही, वाढले. चूक झाल्यावर पळून न जाणारी बाई म्हणून लोक तिला बोलावू लागले.

पुढे नव्वदनंतर सिमेंटचे खांब आले, ते उपटायला ट्रॅक्टरला जोडायचे यंत्र आले. माझ्याकडे निरोप येईनासे झाले. पंच्याण्णव साली भिकन गेला. साखळीला तेल देणारे बोट गेले, आणि गंज किती मुकाट्याने येतो ते मला कळले. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मंदाबाईने दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवले.

गेल्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याचा फत्तेसिंग आला. त्याच्या गावात ट्रॅक्टर जाईल अशी वाट नाही. विहिरीभोवतीचे जुने खांब काढायचे आहेत. मंदाबाईने मला अंगणात ओढले. आता तिला धाप लागते. दोन दिवस बसून तिने माझी साखळी रॉकेलने धुतली, खोबरेल लावले, आणि आज सकाळी त्याला म्हणाली, "घेऊन जा. काम झालं की पुसून ठेवजो. आणि खांब काढायच्या आधी दोन्ही बाजूंच्या लोकांले विचारजो."

मित्रांनो, आम्हा अवजारांना भूक नसते, तहान नसते. महिन्यातून एकदा कोरडे फडके, थोडे तेल आणि पावसात डोक्यावर छप्पर, एवढे मिळाले तरी आम्ही तुमच्या नातवंडांच्याही हाती चालतो. तुमच्या घरामागे कुणी असे पडले असेल, तर त्याला एकदा उन्हात घ्या.

एसटीच्या टपावर फत्तेसिंगने मला दोरीने आवळून बांधले आहे. गाडी सुरू झाली. खाली स्टँडवर मंदाबाई उभी आहे, एक हात कपाळावर धरून. ती माझ्याकडे पाहते आहे की उन्हाकडे, ते इतक्या उंचावरून कळत नाही.